औट्रम घाटातला औट्रम कोण? एका शिकाऱ्याची गोष्ट आणि बंदुकीमागची टेक्नॉलॉजी

फोनवर मॅप उघडा, चाळीसगाव शोधा आणि नकाशा बोटाने थोडा वर सरकवा. धुळे-सोलापूर हायवे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२, चाळीसगाव सोडून सातमाळ्याच्या डोंगरात शिरतो आणि वळणं घेत कन्नडला चढतो. आपण त्याला कन्नड घाट म्हणतो. त्याचं दुसरं नाव औट्रम घाट. शेजारच्या हिरव्या पट्ट्यावर झूम केलंत तर तेच नाव परत दिसेल : गौताळा औट्रमघाट अभयारण्य.

नुसतं ‘औट्रम घाट’ सर्च केलंत तर फोन तुम्हाला कोलकात्यात हुगळी नदीच्या काठावरही नेईल. तो नदीचा घाट, आपला डोंगराचा. पण दोन्ही नावं एकाच माणसाची. जेम्स औट्रम. आणि गंमत म्हणजे ज्याचं नाव आपण अभयारण्याला दिलंय, तो त्याच्या काळात पश्चिम हिंदुस्थानातला नावाजलेला शिकारी होता.

माझं गाव याच डोंगराच्या पायथ्याशी, चाळीसगाव तालुक्यात. मका दाण्यात आला की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत कळप जेवढं खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. माझ्या नानांकडे लायसनची जुनी दुनळी बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत कपाटात येते. लहानपणी मला ती बंदूक म्हणजे जादू वाटायची. मोठा झाल्यावर मी ती नेमकी चालते कशी हे शोधायला लागलो, आणि शोधता शोधता या औट्रमपर्यंत पोचलो. म्हणून आज मोबाइल नाही, ॲप नाही. आज बंदूक, रानडुक्कर आणि एक माणूस.

बाप रुळांचा इंजिनिअर

औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. वडील बेंजामिन औट्रम हे त्या काळचे टेक्नॉलॉजीवाले. कालवे बांधायचे, आणि वाफेची इंजिनं यायच्या आधी घोडे ज्यावरून गाड्या ओढत, असे ओतीव लोखंडाचे रूळ टाकायचे. ‘ट्राम’ हा शब्द औट्रम या आडनावावरून आला असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही, शब्द त्याहून जुना आहे. पण असा समज पसरावा एवढं त्यांचं काम मोठं होतं.

वडील १८०५ मध्ये वारले. जेम्स तेव्हा दोन वर्षांचा. घराची परिस्थिती एकदम खालावली. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला गेली. जेम्स तिथल्या उड्नी गावच्या शाळेत आणि मग ॲबरडीनच्या मॅरिशल कॉलेजात शिकला.

आता एक योगायोग बघा. उड्नीपासून काही मैलांवर बेलहेल्वी नावाचं गाव आहे. तिथे अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे पाद्री राहायचे. त्यांना बदकांच्या शिकारीचा नाद. त्यांची तक्रार एकच : चाप ओढला की आधी बंदुकीच्या बाजूला जाळ दिसतो, मग बार निघतो, आणि त्या मधल्या क्षणात पक्षी सटकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बंदुकीला लॅग होता. फोर्सिथनी त्यावर उपाय शोधला आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. आजच्या प्रत्येक काडतुसाचं मूळ त्या पेटंटमध्ये आहे. त्याकडे आपण परत येऊ.

सोळा वर्षांचा पोरगा, मुंबई

१८१९ मध्ये औट्रम ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून मुंबईला उतरला. वय १६. अंगाने किडकिडीत, उंचीने कमी. पण घोड्यावर पक्का. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा तेव्हाचा मोठा खेळ म्हणजे रानडुकराची शिकार, आणि या खेळात तो लवकरच पुढे आला.

त्यात बंदूक नसायची. घोडा आणि भाला, एवढंच. डुक्कर उठवायचं, मोकळ्या रानात त्याच्यामागे घोडे सोडायचे, आणि ज्याच्या भाल्याला पहिलं रक्त लागेल त्याची शिकार. सुळे त्याला मिळायचे. जिथे घोडा दौडवता येतो तिथे डुकराला गोळी घालणं या मंडळींत लाजिरवाणं समजलं जायचं.

मला आधी वाटायचं की हा नुसता साहेबी तोरा. तोरा होताच. पण त्यामागे मशीनची मर्यादाही होती.

तेव्हाची बंदूक कशी चालायची?

१८२० च्या आसपासची बंदूक म्हणजे ठासणीची. पुढच्या तोंडातून भरायची. क्रम असा :

१. नळी उभी धरून दारू ओतायची.
२. वर कापडाचा किंवा कागदाचा बोळा.
३. मग गोळी किंवा छर्रे. हे सगळं गजाने ठासायचं.
४. बाजूच्या छोट्या वाटीत बारीक दारू टाकायची. तिला रंजक म्हणतात.
५. घोडा मागे ओढायचा. हा चार पायांचा नव्हे, बंदुकीचा. त्याच्या चिमट्यात चकमकीचा दगड बसवलेला असतो.

चाप ओढला की दगड पोलादी पट्टीवर आपटतो, ठिणग्या रंजकात पडतात, रंजक भडकतं, जाळ बारीक भोकातून नळीत शिरतो आणि आतली दारू पेटते. मग बार. उत्तम कवायत झालेला शिपाई, जमिनीवर उभा राहून, एका मिनिटात फार तर तीन बार काढायचा. पावसाळी हवेत रंजक ओलं झालं तर नुसताच खटका.

आता हेच काम धावत्या घोड्यावर करून बघा. समोर डुक्कर, हातात एक नळी, फार तर दोन. नेम हुकला किंवा डुक्कर जखमी झालं तर परत भरायला अर्धा मिनिट. जखमी डुक्कर अर्धा मिनिट थांबत नाही, उलटून येतं. मोठ्या नराच्या खांद्यावर चामडीखाली जाड, चिवट थर असतो. माजावर आलेले नर एकमेकांशी भिडतात तेव्हा सुळ्यांपासून तो त्यांना वाचवतो. लहान छर्रे तिथेच अडकतात. म्हणजे भरायला लागत नाही असं हत्यार त्या परिस्थितीत खरंच कामाचं होतं. भाल्याला लॅग नाही.

१८२५ : खानदेशात

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. त्याआधीच्या लढाया, लूटमार आणि दुष्काळ यांनी मुलूख उजाड झालेला. सातमाळा, सातपुडा आणि डांगच्या डोंगरांत भिल्ल नाईकांचं राज्य होतं. कंपनीने फौजा पाठवल्या, पकडापकडी केली, गावं जाळली. काही जमलं नाही. डोंगर त्यांचा होता. मग मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात दुसरी चाल ठरली : भिल्लांचीच पलटण उभी करायची. हे काम २२ वर्षांच्या औट्रमकडे आलं.

सुरुवात गोळीबारानेच झाली. पण नंतर त्याने डोंगरातल्या वस्त्यांवर जायला सुरुवात केली. सोबत फारसा फौजफाटा न घेता. भिल्लांमध्ये राहिला, आणि त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला. पलटणीचं ठाणं धरणगावला. आधी बोटांवर मोजण्याइतकी माणसं आली, बघता बघता शेकडो झाली.

शिकार हाच त्याचा ओळख वाढवायचा मार्ग होता. वाघ गुरं मारायचा, माणसंही मारायचा. त्यामुळे वाघाच्या मागे जिवावर उदार होऊन जाणारा माणूस लोकांच्या लक्षात राहायचा. एकदा वाघ अशा जाळीत बसला की कुठूनही नेम लागेना. तेव्हा भिल्लांनी डोक्याची पागोटी एकमेकांना बांधून औट्रमला झाडाच्या फांदीवरून लोंबकळत खाली सोडलं आणि त्याने तसंच लटकून वाघ मारला, असा प्रसंग त्याच्या चरित्रात येतो. वाघाच्या पंजाच्या जखमाही त्याने सोसल्या.

१८२५ ते १८३४ या दहा वर्षांत तो ज्या शिकारींत हजर होता त्यांची नोंद आहे : १९१ वाघ, २५ अस्वलं, १५ बिबटे, १२ रानरेडे. आकडा परत वाचा. एकशे एक्याण्णव वाघ, एका माणसाच्या हिशेबात. आणि डुकरं यात धरलेलीच नाहीत.

आता मुद्द्याचं. ही सगळी शिकार हातातल्या बंदुकीने झाली असं वाटत असेल तर थांबा. एक-दोन बारांच्या बंदुकीने वाघ मारायचा तर त्याच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर तो कुठे बसलाय हे आधी कळावं लागतं. ते कोणी सांगितलं? चिखलातल्या ठशावरून जनावर किती वेळापूर्वी गेलं हे ओळखणाऱ्या भिल्लांनी. माग त्यांनी काढला. हाकारा त्यांनी घातला. पागोटी त्यांची. बार साहेबाचा. घाटाला नाव राहिलं ते बार काढणाऱ्याचं. आजच्या भाषेत सगळा डेटा भिल्लांचा होता, औट्रमच्या हातात फक्त शेवटचं बटण.

पलटणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनीने भिल्लांना वर्दी आणि पगार दिला, आणि डोंगरातल्या बाकीच्या भिल्लांवर सोडलं. कंपनीच्या कागदात याला शांतता म्हटलंय. खानदेशात पुढे काय झालं ते बघा : १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकांनी सेंधवा घाटाच्या परिसरात भिल्लांना घेऊन इंग्रजांविरुद्ध उठाव केला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. औट्रमची शांतता कायमची नव्हती.

खटपट, सिंध आणि लखनौ

१८३५ मध्ये औट्रमने खानदेश सोडला आणि तो गुजरातेत महीकांठ्याला गेला. त्याच वर्षी लग्न झालं. १८३८ ला अफगाण युद्ध, मग सिंध. सिंधच्या अमिरांशी वागण्यावरून त्याचं जनरल नेपियरशी बिनसलं. सिंध बळकावणं त्याला पटलं नाही. लुटीतला वाटा त्याने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामाला दिला.

पुढे तो काही काळ साताऱ्याला रेसिडेंट होता, मग बडोद्याला. तिथे त्याने लाचखोरीचा अहवाल लिहिला. वरपर्यंत पैसे पोचवून कामं करून घ्यायची पद्धत होती, आणि तिचं नाव इंग्रजी कागदपत्रांतही आपलंच होतं : खटपट. अहवालामुळे मुंबई सरकार एवढं चिडलं की १८५१ मध्ये त्यालाच बडोद्यातून काढलं. तीन वर्षांनी गव्हर्नर जनरल डलहौसीने परत नेमलं.

१८५६ मध्ये अवध खालसा झालं तेव्हा तिथला रेसिडेंट औट्रमच होता. म्हणजे सिंधमध्ये जे पटलं नव्हतं, तेच काम अवधमध्ये त्याच्या हातून झालं.

मग १८५७. ठिणगी पडली ती परत बंदूक भरण्याच्या पद्धतीवरून. नव्या एनफिल्ड रायफलीच्या नळीला आतून पीळ होता, नेम लांबवर जायचा, पण भरायची मात्र पुढूनच. दारू आणि गोळी कागदी काडतुसात. ते दाताने फाडायचं, आणि त्याला चरबी लावलेली. गाय आणि डुकराच्या चरबीची बातमी फौजेत फिरली आणि आधीच खदखदत असलेला असंतोष फुटला. एखाद्या मशीनच्या वापरण्याच्या पद्धतीने एवढं मोठं काही पेटल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

लखनौत इंग्रज अडकले होते. औट्रम वरच्या हुद्द्याचा होता, तरी त्याने हॅवलॉककडेच नेतृत्व राहू दिलं आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून गेला. सप्टेंबर १८५७ मध्ये ते आत पोचले. लढाईनंतर अवधच्या जमीनदारांच्या जमिनी सरसकट जप्त करायचा हुकूम निघाला, त्याला त्याने विरोध केला.

१८६० मध्ये तो प्रकृती ढासळून मायदेशी परतला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समध्ये पो या गावी वारला. वय ६०. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची कबर आहे.

त्याच्यानंतर बंदुकीचं काय झालं?

आता फोर्सिथकडे परत. त्यांची आयडिया सोपी होती. ठिणगी पाडून रंजक पेटवण्यापेक्षा, नुसतं आपटल्यावर पेटणारं रसायन वापरायचं. पुढे ते रसायन तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरलं. घोडा टोपीवर आपटला की बार. जाळ नाही, लॅग जवळजवळ नाही, पावसाची भीती कमी. इंग्रजी फौजेने ही पद्धत १८३० च्या दशकाच्या शेवटी स्वीकारायला सुरुवात केली. तोवर औट्रमचा खानदेशातला काळ संपला होता.

मग टोपी, दारू, बोळा आणि छर्रे हे सगळं एका नळकांड्यात गेलं. झालं काडतूस. बंदूक मागून उघडायची, काडतूस सरकवायचं, बंद करायची. अर्ध्या मिनिटाचं काम दोन सेकंदांवर आलं.

नानांची दुनळी हीच. तिला १२ बोअर म्हणतात. १२ म्हणजे १२ मिलिमीटर नाही हं. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्या. अशा १२ गोळ्यांचं वजन एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, भरलं की ती १२ बोअर. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर येतो. म्हणून आकडा लहान तेवढी नळी मोठी.

रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे एकच गोळी गरगरत लांब आणि सरळ जाते. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. छर्रे बाहेर पडले की पसरतात. उडत्या पक्ष्याला हे पसरणं सोयीचं. रानडुकराला नाही. बारीक छर्ऱ्यांनी ते मरत नाही, जखमी होतं आणि जाळीत शिरून दिवसेंदिवस कुजतं, किंवा समोर येईल त्याला फाडतं. मोठे छर्रे संख्येने कमी असतात, आणि ३०-४० मीटरच्या पुढे ते इतके विखुरतात की कोणता कुठे जाईल याचा भरवसा नाही. रात्री, मक्यात, बॅटरीच्या उजेडात तर नाहीच.

माझ्या डोळ्यांदेखतची रात्र

शेतीची लाइट रात्रीची होती. मी नानांबरोबर जागलीला गेलो होतो. मक्यात सळसळ झाली. नानांनी हवेत बार काढायला बंदूक उचलली आणि मी फोनचा टॉर्च मारला. सळसळ जवळ आली. शेजारी बंदूक मागायला आलेला एक जण कुजबुजला की हवेत कशाला, सरळ आवाजावर टाका. नाना थांबले. मक्यातून बाहेर आला तो मोटर चालू करायला निघालेला गावातला पोरगा. कानात इयरफोन, त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं. त्या रात्रीनंतर बंदूक शेतात गेली नाही.

औट्रमच्या बंदुकीत थांबणं मशीनमध्येच होतं. भरायला वेळ, पेटायला वेळ. तरीही १९१ वाघ. मग काडतूस आलं, जीप आली, स्पॉटलाइट आला आणि मशीनमधला ब्रेक निघून गेला. तो ब्रेक कायद्यात बसवावा लागला : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यानुसार रानडुक्कर मनाने मारता येत नाही, बंदुकीचं लायसन असलं तरी. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कायद्यात परवानगीची वाट आहे, पण ती वनखात्याची, लेखी, आणि आधी. आणखी एक गंमत : १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आजही आहे.

शेतकऱ्याचं नुकसान खोटं नाही. मी ते पाहिलंय, आमच्या घरात त्यावरून रडारड झालीय. म्हणून फोनचा एवढा उपयोग करा : नुकसान दिसलं की लगेच तारीख आणि लोकेशनसह फोटो काढा, ठसे आणि तुडवलेल्या ओळींचेही. मग वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

आणि एक फोटो

मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला. कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधलेला कॅमेरा. अंगाची उष्णता हलली की सेन्सरला कळतं आणि फोटो निघतो. पट्ट्यांवरून शोध लागला की हा यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ, शेकडो किलोमीटर चालत आलेला. या डोंगरात कित्येक दशकांनी दिसलेला वाघ.

औट्रमच्या काळात त्याच्यापर्यंत पोचायला भिल्लांचा माग आणि एक बार लागायचा. या वेळी एक सेन्सर लागला, आणि वाघ पुढे चालत गेला. नानांना मी तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी तो झूम करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, हा डुकरं खातो ना?

खातो, नाना.